घोड्याच्या सांध्याची पूड
(प्रौढ वर्गात दिलेले भाषण)

मंडळी,

आज फळ्यावर बाराखडी नाही, उजळणीही नाही. आज घोड्याविषयी बोलायचे आहे. तुमच्यापुढे आम्ही घोड्याविषयी बोलावे, म्हणजे कोळ्याच्या पोराला पोहायला शिकवावे तसे झाले, हे आम्हांला ठाऊक आहे. आम्ही जन्मात घोडा पाळलेला नाही. आम्ही मॅट्रिक झालेले शाळामास्तर. माथेरानच्या या डोंगरावर मुले शिकवली, हेडमास्तर झालो आणि निवृत्त झालो. खोगीर कसे कसायचे ते तुमच्या सात वर्षांच्या पोराला आमच्यापेक्षा चांगले कळते. पण वाचता आम्हांला येते. आणि आजचा विषय अर्धा घोड्याचा असला तरी अर्धा वाचण्याचा आहे.

गेल्या महिन्यात वर्गात तीन डबे आणि दोन पुड्या आल्या. "गुरुजी, ह्यावर काय लिहिलंय ते सांगा," म्हणून. पाचही औषधे एकाच कामाची. घोड्याचे सांधे मोकळे व्हावेत, लंगडणे जावे, चाल सुधारावी. कोणावर हळदीचे चित्र, कोणावर हिरवे पान. 'वनौषधी', 'शंभर टक्के नैसर्गिक', 'अपाय नाही' असे मोठ्या अक्षरांत. मोठी अक्षरे आम्ही वाचून दाखवली. मग चष्मा पुसून बारीक अक्षरेही वाचली. ती का वाचली, ते पुढे सांगतो.

दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार येत नाही. पाहुणा आला की चालत येतो, नाहीतर तुमच्या घोड्यावर बसतो. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षा चालू झाल्या, तेव्हापासून काही पाहुणे तिकडे वळले, ते दुःख वेगळे. तरी तुमच्या घरची चूल घोड्याच्या चार पायांवर पेटते. एक पाय लंगडला की चूल विझली. म्हणून पाय दुखू लागला की घोडेवाला घाबरतो, आणि घाबरलेला माणूस जे मिळेल ते घोड्याच्या तोबऱ्यात घालतो. यात तुमचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. आमचाही गुडघा दुखतो. आम्हीही नाना तेले चोळली आहेत.

सांधा म्हणजे काय ते आधी पाहू. दोन हाडे जिथे एकमेकांना भेटतात तिथे त्यांच्या टोकांवर एक गुळगुळीत पांढरे आवरण असते. त्याला कूर्चा म्हणतात. मधे थोडेसे चिकट पाणी असते, गाडीच्या चाकाला वंगण असते तसे. घोडा रोज चढउतार करतो, दगडावर टाप आपटतो, पाठीवर माणूस असतो. वर्षानुवर्षे असे झाले की कूर्चा झिजते, सांध्याला सूज येते, पहाटे घोडा ताठ चालतो आणि थोडा फिरल्यावर मोकळा होतो. हे म्हातारपणाचे दुखणे. झिजलेली कूर्चा परत उगवून आणील अशी पूड अजून कोणी केलेली नाही. वनस्पतीची नाही आणि डॉक्टरीही नाही. काही औषधांनी सूज उतरते, ठणका कमी होतो, एवढेच. ज्या डब्यावर 'सांधा नवा होतो' असे लिहिले असेल, तो डबा खोटे बोलतो, असे खुशाल समजा.

आता ती गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. गाव लहान आहे, ज्याला कळायचे त्याला कळेल. ज्यांची गोष्ट त्यांच्या घरी विचारून आलो आहोत.

२०१६ सालची गोष्ट. पाऊस नुकताच संपला होता. आमच्या ओळखीचे एक घोडेवाले, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, यांची एक घोडी होती. राणी तिचे नाव. तिचा पुढचा उजवा घोटा सुजला. भाऊंनी शहाणपणाने खालून जनावरांचे डॉक्टर आणले. डॉक्टरांनी पाय चाचपून पाहिला, पाच दिवसांची दुखणे थांबवायची पूड दिली आणि पंधरा दिवस विश्रांती सांगितली. पंधरा दिवस! पुढे दिवाळी. दिवाळीच्या सुट्टीत जी कमाई होते तिच्यावर अर्धे वर्ष निघते. भाऊंना धीर निघाला नाही. कोणा पाहुण्याने त्यांना एक परदेशी डबा आणून दिला. वर घोड्याचे चित्र, आत तपकिरी भुकटी, सोबत एक चमचा. पाहुण्याचा हेतू चांगलाच होता.

भाऊ डबा घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, इंग्रजी आहे. जरा वाचा." आमच्या शाळेच्या संमेलनाच्या नाटकाची तालीम चालू होती. मुले आरडाओरडा करीत होती. चष्मा घरी राहिला होता. आम्ही डबा लांब धरून मोठी अक्षरे वाचली आणि म्हणालो, "सांध्यांचे औषध आहे, झाडपाल्याचे. एक चमचा सकाळी, एक संध्याकाळी." बारीक अक्षरांकडे पाहिलेसुद्धा नाही. भाऊंनी विचारले, "डॉक्टरांची पूड चालू आहे, तिच्याबरोबर चालेल ना?" आम्ही म्हणालो, "झाडपाल्याचे आहे, त्याने काय होणार आहे!"

हे वाक्य आम्ही बोललो. कोणी दुसऱ्याने नाही.

चार दिवस बरे गेले. घोडी चांगली चालू लागली. भाऊ खूश झाले. चमचा होता तो शिगोशिग झाला, कधी दोन झाले. डॉक्टरांची पूड पाच दिवसांची होती ती भाऊंनी पुन्हा आणून पुढे चालू ठेवली. दोन औषधांनी दुप्पट गुण येईल असा हिशेब. आणि घोडी लंगडत नाही म्हणून तिला कामालाही काढली. आठव्या दिवशी तिने चंदी सोडली. दात खाऊ लागली, पोटाकडे वळून वळून पाहू लागली, लीद पातळ झाली. दहाव्या दिवशी ती खाली बसली ती उठेना.

डॉक्टर आले तेव्हा रात्र झाली होती. दस्तुरीपासून चालत, हातात बॅटरी. घोडीला तपासून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आणखी काय देत होता?" भाऊंनी डबा पुढे केला. डॉक्टरांनी तो बॅटरीच्या उजेडात फिरवला आणि मागची बारीक अक्षरे मोठ्याने वाचली. हे प्रमाण पाचशे किलो वजनाच्या घोड्यासाठी आहे. दुखणे थांबवणाऱ्या दुसऱ्या औषधाबरोबर देऊ नये. पोटात व्रण असल्यास देऊ नये. गाभण घोडीला देऊ नये. चार ओळी होत्या, मंडळी. आम्ही तिथे उभे होतो. आता चष्मा डोळ्यांवर होता.

डॉक्टर आम्हांला काही बोलले नाहीत. उलट म्हणाले की, नक्की कशाने झाले ते सांगता येत नाही. दुखण्याची पूड एकटीसुद्धा जास्त दिवस दिली तर घोड्याच्या पोटात व आतड्यात व्रण करते. पण दोन्ही मिळून आणि तेही जास्त मापाने, हे वाईटच.

राणी वाचली. तीन महिने कामाला आली नाही. दिवाळी गेली, नाताळ गेला. भाऊंनी कर्ज काढले आणि दुसरा घोडा विकला. आम्ही काही पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. "गुरुजी, तुम्ही कशाला," म्हणाले. आजही रस्त्यात भेटले की हात जोडतात. पण त्या दिवसापासून त्यांनी आमच्याकडे एकही कागद वाचायला आणलेला नाही.

तर आता त्या चार ओळी नीट पाहू.

पहिली, वजनाची. परदेशातले घोडे मोठे असतात. तिथल्या डब्यावर मात्रा लिहितात ती बहुधा पाचशे किलोच्या घोड्याची. आपले डोंगरी तट्टू केवढे? तराजूत घोडा कोण घालणार? पण सुतळीने वजन काढता येते. एक सुतळी पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती घाला, खांद्यामागच्या उंचवट्यावरून फिरवून आणा. हा झाला घेर. दुसरी सुतळी खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या हाडापर्यंत धरा. ही लांबी. दोन्ही सुतळ्या शिंप्याच्या टेपावर सेंटिमीटरमध्ये मोजा. आता घेराला घेराने गुणा. आलेल्या आकड्याला लांबीने गुणा. मग ११,८८० ने भागा. जे येईल ते अंदाजे किलोतले वजन.

राणीचा घेर आम्ही पुढे मोजला होता. १४५ सेंटिमीटर भरला, लांबी १३५. १४५ गुणिले १४५ म्हणजे २१,०२५. त्याला १३५ ने गुणले की २८,३८,३७५. ११,८८० ने भागले की सुमारे २३९. म्हणजे डब्यावरच्या घोड्याच्या निम्म्यापेक्षाही कमी. दोन चमचे जिथे लिहिले तिथे तिला एकच चमचा पुरे होता, तोही सपाट. भाऊंनी दिले तीन-चार. गुणाकार-भागाकार तुम्हांला येत नसेल तर घरातल्या सातवीतल्या पोराला बसवा. मोबाइलमध्येही हिशेबाचे यंत्र असते. सुतळी मात्र तुम्हीच धरा, पोरांना घोडा लाथ मारील.

दुसरी ओळ, दुखण्याच्या औषधाची. त्या डब्यात आफ्रिकेतल्या एका वेलीचे कंद होते. कालाहारीच्या वाळवंटी मुलखात ही वेल जमिनीवर पसरते. तिच्या फळाला आकड्यांसारखे काटे असतात, ते जनावरांच्या पायात रुततात, म्हणून तिकडे तिला 'सैतानाचा पंजा' म्हणतात. मुळांना गाठी येतात, त्या गाठी वाळवून पूड करतात. ती सूज उतरवते असे मानतात, आणि काही अंशी खरेही असेल. पण जे सूज उतरवते ते बहुधा पोटालाही थोडे ओरबाडते. विलो नावाच्या झाडाची सालही अशीच. अ‍ॅस्पिरिनची गोळी ज्या द्रव्यापासून निघाली त्याच जातीचे द्रव्य तिच्यात आहे. गोळीने अपाय होतो आणि सालीने होत नाही, असे कसे होईल?

आणि घोड्याचे पोट माणसासारखे नाही. त्याच्या पोटात आम्ल रात्रंदिवस पाझरत असते, खाल्ले तरी, न खाल्ले तरी. रानात घोडा दिवसभर थोडे थोडे गवत खातो, त्यामुळे निभते. नाक्यावर सकाळपासून उपाशी उभा केलेला घोडा आतून भाजत असतो. त्यात कडू पूड टाकायची आणि वर दुखण्याची गोळी. शिवाय घोड्याला ओकता येत नाही. कुत्रे नको ते खाल्ले की ओकून मोकळे होते. घोड्याच्या पोटात गेले ते गेले. म्हणून पूड द्यायचीच तर गवत खाऊ घालून, चंदीत कालवून द्या. आणि पूड द्या वा न द्या, नाक्यावर घोड्यापुढे मूठभर गवत राहू द्या.

पोटातल्या व्रणांची तिसरी ओळ यातच आली. चौथी गाभण घोडीची. घोडी अकरा महिने गाभण असते. या अकरा महिन्यांत, आणि शिंगरू पीत असेपर्यंत, डॉक्टरांना न विचारता कसलीही पूड देऊ नये. त्या वेळी राणी गाभण नव्हती. असती तर काय, हा विचार आम्ही करीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, परदेशी डबा नकोच, आपला गावठी झाडपाला बरा. मंडळी, गावठी झाडपाला आम्हांलाही प्रिय आहे. घोड्याच्या वैद्याला मराठीत साळोत्री म्हणतात, ते शालिहोत्र या जुन्या ऋषीच्या नावावरून. नकुलाच्या नावाचा आणि जयदत्ताचा असे घोड्यांच्या औषधांवरचे जुने संस्कृत ग्रंथ आहेत. म्हणजे आपल्याकडे ही विद्या फार जुनी. पण जुने म्हणून सगळेच निरुपद्रवी नसते. बिब्ब्याचेच पाहा. सुजलेल्या सांध्याला बिब्बा लावणारे अजून आहेत. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, जखम होते. घोडा त्या जखमेच्या दुखण्याने सांध्याचे दुखणे विसरतो, एवढाच त्याचा गुण. तापल्या सळईने डाग देणेही त्यातलेच. ते करूच नका.

एरंडाचे पान गरम करून बांधतात, त्याला आमची ना नाही. पण एरंडाचे बी आणि एरंडीची पेंड हे घोड्याला जालीम विष आहे. ती पेंड शेताला खत म्हणून येते, चंदीच्या पोत्याशेजारी ठेवली जाते, आणि घात होतो. कण्हेरीची मूठभर पाने घोड्याला मारू शकतात. ओली असोत की वाळलेली. धोतऱ्याने आतड्याची हालचाल बंद पडून पोटशूळ उठतो. हे सांगायचे कारण असे की, बाजारात पानांची पूड झाली की कण्हेर कोणती आणि निरगुडी कोणती हे कोणाच्या बापाला ओळखता येत नाही. झाड आपल्या डोळ्यांनी पाहिले नसेल आणि पुडीवर नाव नसेल, तर ती पुडी घेऊ नका.

हळद सगळेच घालतात. चिमूटभर हळदीने वाईट काही होत नाही. पण हळदीतले जे गुणकारी द्रव्य म्हणतात ते अंगात फार थोडे मुरते, बाकीचे लिदीतून जाते. म्हणून मग कोणी मूठ मूठ घालतो, त्याने पोट बिघडते. सुटी, फार पिवळीजर्द हळद घेऊ नका. तिला रंग यावा म्हणून शिशाची भुकटी मिसळलेली सापडलेली आहे, आणि शिसे हे माणसालाही विष, घोड्यालाही. लसणाचेही तसेच. थोडा चालतो, पण रोज जास्त दिला तर घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि रक्त कमी होते. सालईचा डिंक, ज्याला वैद्य शल्लकी म्हणतात, तो आपल्याच सातपुड्याकडच्या कोरड्या रानातला. सांध्याच्या सुजेवर माणसांत त्याचा थोडाफार गुण दिसला आहे. घोड्यांवर फारसे तपासलेले नाही. अश्वगंधेचे नाव ऐकून एकाने आम्हांला विचारले की ही घोड्याचीच वनस्पती ना? नाही हो! तिच्या मुळाला घोड्यासारखा वास येतो म्हणून ते नाव पडले. नावावरून औषध ठरवायचे तर घोडेगावच्या मातीनेही लंगडेपणा जायला हवा.

मलमे आणि तेलेही पाहून घ्या. २००८ सालच्या ऑलिंपिकमध्ये घोड्यांचे सामने हाँगकाँगला झाले. तिथे काही घोड्यांच्या तपासणीत मिरचीचे द्रव्य सापडले. मिरचीला जे तिखट करते ना, ते. सांधे आणि स्नायू यांना चोळायच्या मलमांत ते असते. ते दुखणे मारते, आणि कातडी हुळहुळीही करते, म्हणून सामन्यांत त्याला बंदी आहे. नॉर्वेच्या संघाला मिळालेले ब्राँझ पदक त्यापायी काढून घेतले. मिरची झाडालाच लागते, नाही का? पण पदक गेले ते गेलेच. आफ्रिकेतल्या त्या कंदातले द्रव्यही अशा सामन्यांत चालत नाही. तुमचे घोडे ऑलिंपिकला जायचे नाहीत, पण ज्यांचे नातेवाईक शर्यतीच्या तबेल्यात कामाला आहेत त्यांनी हे घरी सांगावे.

आणखी एक फसवणूक असते. पुडी दिली आणि दोन दिवसांत घोडा वाऱ्यासारखा पळू लागला, तर आनंद मानू नका, संशय घ्या. माणसांच्या सांधेदुखीच्या 'जडीबुटी' चूर्णांत गुपचूप स्टेरॉइड मिसळलेले कित्येकदा पकडले गेले आहे. घोड्याच्या पुडीत तो मिसळणार नाही याची हमी कोण देतो? स्टेरॉइडमुळे काही घोड्यांचे खूर आतून सुजतात. मसाल्याच्या लाडवात गूळ फार झाला, चंदी एकदम वाढवली, तरीही तसेच होते. घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहतो, खूर हाताला गरम लागतो, खुरावरची नाडी टणटण उडते. असे दिसले की गूळ बंद, चंदी बंद, पुडी बंद आणि लगेच डॉक्टर. एक दिवसही थांबायचे नाही. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा फोन १९६२ आहे. हा आकडा आज पाटीवर लिहून घ्या.

माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या घोड्याला घालू नका, हेही सांगतो. डायक्लोफिनॅक जनावरांना द्यायला २००६ सालापासून बंदी आहे, कारण त्या औषधावर मेलेले जनावर खाऊन गिधाडे मेली. आम्ही लहान असताना आकाशात गिधाडे घिरट्या घालायची, आता कोकणात मोजकीच उरली. असो, हा विषय निराळा.

सगळ्यांत महत्त्वाचे मागेच राहिले. घोडा लंगडला म्हणजे सांधाच दुखतो असे नाही. एकाने आठ दिवस 'वातावर' पूड घातली, आणि नालबंदाने खूर उघडला तर आत खिळा! एकदम, एका रात्रीत घोडा पाय टेकेना झाला, तर बहुधा दुखणे खुरात असते. खिळा, खडा, आत साठलेला पू. पुडीने दुखणे दबते आणि पू वर चढत जातो. शिवाय खिळ्याच्या जखमेतून धनुर्वात होतो. तो घोड्याला फार लवकर धरतो आणि धरला की सहसा सोडत नाही. त्याची लस असते. ज्यांनी ती दिली नसेल त्यांनी पुडीचे पैसे आधी लशीला घालावेत.

कोणत्या पायाने लंगडतो ते असे पाहा. कोणीतरी घोडा सैल दोरीने सपाट जागी दुडक्या चालीने न्यावा, तुम्ही समोर उभे राहा. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकतो तेव्हा घोडा डोके वर उचलतो. चांगला पाय टेकतो तेव्हा डोके खाली जाते. तुमच्यातल्या जुन्या माणसांना हे ठाऊक आहे, पण ते लिहून कोणी ठेवत नाही. वही घाला. आज तारीख अमुक, सकाळी डोके किती उचलतो, घोट्याचा घेर सुतळीने किती, काम किती केले, चंदी किती खाल्ली, लीद कशी. असे आठ दिवस पूड न देता लिहा. मग डॉक्टरांना विचारून, एकच पूड, निम्म्या मापापासून चालू करा आणि लिहीत जा. दोन पुड्या एकदम चालू केल्या तर गुण कोणाचा आणि अपाय कोणाचा, काही कळणार नाही. महिन्याने वही वाचा. फरक नसेल तर पूड बंद करा. चंदी सोडली, दात खाल्ले, लीद बदलली, तर त्याच दिवशी बंद करा, महिना बघू नका. आणि घोडा बरा चालू लागला म्हणून ओझे वाढवू नका. दुखणे थांबले याचा अर्थ सांधा बरा झाला असा नाही. राणीच्या बाबतीत ही चूकही झालीच होती.

खरे सांगायचे तर आम्ही ज्या डॉक्टरांना विचारले त्यांनी पुडीला शेवटचा नंबर दिला. आधी नाल. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद आलाच पाहिजे, खूर वाढला की सगळ्या सांध्यांवर वाकडा भार पडतो. मग घोड्याचे स्वतःचे वजन, मग पाठीवरचे वजन. जाड पाहुण्याला 'नाही' म्हणायला जड जाते, आम्ही समजतो, पण म्हणा. सकाळी पहिली फेरी हळू करा. सुट्टीच्या दिवशी घोडा खुंट्याला बांधून ठेवू नका, मोकळा फिरू द्या, उभे राहून सांधा आणखी आखडतो. याला पैसा लागत नाही म्हणून याचे डबे निघत नाहीत.

भाऊ या वर्गाला येत नाहीत. वहिनी येतात. त्या डब्यात आता घरी मोहरी ठेवतात. मागच्या आठवड्यात त्यांनी तो डबा वर्गात आणला. इंग्रजी अक्षरे त्यांना येत नाहीत, पण आकडे आम्ही नुकतेच शिकवले होते. बारीक अक्षरांवर बोट फिरवीत त्या एके ठिकाणी थांबल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, हे पाचशे कशाचे?" आम्ही सांगितले. त्यांनी डबा पिशवीत ठेवला आणि काही बोलल्या नाहीत.

पुढच्या बुधवारी येताना प्रत्येकाने दोन हात लांबीच्या दोन सुतळ्या आणा. दोन हातांत घेर पुरा होणार नाही, तेव्हा चार हातांच्याच आणा. टेप आम्ही आणू. ज्यांच्या घरी पुड्या, डबे, बाटल्या असतील त्यांनी त्याही आणाव्यात, रिकाम्या असल्या तरी. वर्ग संपल्यावर बाहेर उजेड असेपर्यंत तीन घोडे मापायचे आहेत. पहिली राणी.